पोटच भरत नाही म्हणणारे लेकरू: रक्ताचा वाटा किती, घराचा किती

यवतमाळ जिल्ह्यातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सात वर्षांची, वजन ३४ किलो, उंची १२४ सेंटीमीटर. दोन भाकरी आणि वरण-भात संपवूनही ती अर्ध्या तासात पुन्हा खायला मागते. एका रात्री ती गुळाच्या डब्यात हात घालताना सापडली, तेव्हापासून वडिलांनी आलमारीला कुलूप लावले आहे. तिचा नऊ वर्षांचा भाऊ त्याच चुलीवरचे खातो आणि काटकुळा आहे. सासूबाई म्हणतात की मुलीची आत्याही लहानपणी अशीच होती, हे रक्तातच आहे. हे खरोखर रक्तातून आले का, त्याची काही तपासणी असते का आणि कुलूप लावणे योग्य आहे का, असे आईला जाणून घ्यायचे आहे.

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यासाठी कोणत्याही तपासणीची वाट पाहायची गरज नाही. कुलूप आजच काढा आणि मुलीला ‘खादाड’, ‘हावरट’ म्हणणे घरातल्या सर्वांनी आजपासून थांबवावे. विदर्भातील तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून मी सव्वीस वर्षे काम करतो आहे. ‘साहेब, याचं पोटच नाही भरत, दिवसभर खाऊ-खाऊ करते’ हे वाक्य मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते लेकरू शेजारीच मान खाली घालून उभे असते. त्याने काही गुन्हा केलेला नसतो. त्याची भूक त्याने निवडलेली नसते.

सासूबाईंचे म्हणणे मोडीत काढण्यासारखे नाही. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० व्यक्तींचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्या व्यक्तींची अंगकाठी ज्यांनी वाढवले त्या आई-वडिलांशी नव्हे, तर ज्यांनी जन्म दिला त्यांच्याशी जुळत होती. पुढे २००८ साली ब्रिटनमधील ८ ते ११ वर्षे वयाच्या ५,०९२ जुळ्या जोड्यांचा अभ्यास आला. एकसारख्या जुळ्यांची जनुके सारखीच असतात आणि वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची सरासरी निम्मी जुळतात, घर मात्र दोन्ही प्रकारच्या जोड्यांना एकच मिळते. या दोन प्रकारांची तुलना करून काढलेला निष्कर्ष असा की मुलामुलांच्या उंचीच्या मानाने असलेल्या वजनात जो फरक दिसतो, त्याचा सुमारे ७७ टक्के वाटा आनुवंशिक आहे. तुमची दोन मुले तर जुळीही नाहीत. सख्ख्या भावंडांची जनुके सरासरी निम्मीच जुळतात, त्यामुळे एकाच चुलीवरचे खाऊन एक काटकुळा आणि दुसरी अंगाने भरलेली निघणे यात आश्चर्य काहीच नाही.

पण रक्तातून नेमके काय येते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे. सर्वसाधारण मुलात चरबी रक्तातून येत नाही, येते ती भुकेची ठेवण. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे. पोट रिकामे झाले की जठरातून ग्रेलिन नावाचे संप्रेरक निघते आणि भूक लागल्याचा निरोप तिथे पोहोचतो. जेवताना आतड्यांतून निघणारी दुसरी संप्रेरके ‘पुरे’ असा निरोप देतात. शरीरात साठा किती आहे, हे चरबीच्या पेशी लेप्टिनमार्फत कळवत राहतात. काही मुलांना ‘पुरे’चा निरोप लवकर ऐकू येतो आणि काहींना उशिरा. काही मुले समोर जिलबी असली तरी खेळत राहतात, तर काहींना डब्याच्या झाकणाचा आवाज आला तरी उठावेसे वाटते. ब्रिटनमधील जुळ्यांवरच्याच अभ्यासात पोट भरल्याची जाणीव या गुणातील फरकांचा सुमारे ६३ टक्के आणि अन्न पाहताच खावेसे वाटण्याच्या गुणातील फरकांचा सुमारे ७५ टक्के वाटा आनुवंशिक आढळला. तिथेच २००७ साली जन्मलेल्या जुळ्या बाळांचा जन्मापासून पाठपुरावा करण्यात आला, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे बाळ केवळ दुधावर असतानाही, हा फरक दिसून आला. त्या वयाच्या बाळाला कोणी लाडावलेले नसते आणि कोणी वाईट सवयही लावलेली नसते.

या निरोपात किती ताकद आहे, हे १९९७ साली इंग्लंडमध्ये नोंदल्या गेलेल्या दोन चुलत भावंडांवरून कळते. मुलगी आठ वर्षांची आणि ८६ किलोची, मुलगा दोन वर्षांचा आणि २९ किलोचा. दोघांचे जन्माचे वजन नेहमीसारखेच होते. एका जनुकातील बिघाडामुळे त्यांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ तयारच होत नव्हते, आणि अंगावर एवढी चरबी असताना मेंदूला मात्र उपासमार चालू असल्याचे वाटत होते. त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर एका वर्षात तिचे वजन १६ किलोहून अधिक उतरले आणि एका जेवणात ती जेवढे खात असे ते चाळीस टक्क्यांहून जास्त कमी झाले. तिला कोणी दटावले नव्हते आणि तिचा हात कोणी धरला नव्हता. केवळ हरवलेला निरोप पोहोचला होता. पालक मुलाला माझ्यासमोर ‘लाज नाही वाटत का’ असे विचारतात, तेव्हा मला हीच मुलगी आठवते.

असा एकाच जनुकाचा बिघाड मात्र फार विरळा असतो. बहुतेक मुलांमध्ये शेकडो जनुकांचा थोडा-थोडा भार एकत्र येतो. २००७ साली एफटीओ या जनुकाजवळचा एक फरक सापडला. तो आई आणि वडील या दोघांकडूनही मिळालेल्या युरोपीय प्रौढांचे वजन इतरांपेक्षा सरासरी ३ किलोने जास्त भरले. स्कॉटलंडमधील शाळकरी मुलांना एकसारखे जेवण मांडून दिले असता हा फरक असलेल्या मुलांनी ताटातून घेतलेल्या अन्नाचे वजन इतरांएवढेच होते, पण त्यांनी उचललेले पदार्थ अधिक तुपा-तेलाचे आणि साखरेचे होते, आणि एका बैठकीत त्यांच्या पोटात सुमारे १०० कॅलरी जास्त गेल्या. म्हणजे या जनुकाने मुलांना जास्त घास घ्यायला लावले नाही, त्याने त्यांचा हात वेगळ्या वाटीकडे वळवला. ती वाटी ओट्यावर आहे की नाही, हे मात्र घर ठरवते.

आता तुमच्या मनात येईल की ७७ टक्के रक्तातच असेल, तर आपल्या हातात उरते काय. या टक्क्यांचा अर्थ वावरातल्या उदाहरणाने सांगतो. कोरडवाहू जमिनीत, पाऊस दगा देतो त्या वर्षी, सरकीचे कोणतेही वाण लावले तरी सगळी पऱ्हाटी गुडघ्याएवढीच राहते आणि वाणावाणांतला फरक ओळखू येत नाही. तीच वाणे ओलिताच्या वावरात भरपूर खत देऊन लावली, की कोणते किती वाढते ते लगेच दिसते. बियाणे दोन्हीकडे तेच असते. खाण्याच्या बाबतीत हेच घडत असल्याचे त्याच २००७ च्या जुळ्यांमध्ये मोजले गेले आहे. मुले चार वर्षांची असताना ज्या घरांत गोड-तळलेले सहज हाताशी होते, टीव्ही बराच वेळ चालू असे आणि खेळणे कमी होते, तिथे वजनातील फरकांचा आनुवंशिक वाटा ८६ टक्के निघाला, आणि जिथे असे नव्हते तिथे तो ३९ टक्क्यांवर आला. त्यामुळे आनुवंशिकतेचा टक्का हा काही कपाळावरचा लेख नव्हे. मुलीच्या आजोबांच्या अंगातही कदाचित हीच भूक असेल, पण त्यांच्या बालपणी गावातल्या किराणा दुकानाच्या दारावर पाच रुपयांच्या पाकिटांची माळ लटकत नव्हती.

ही माळ मी हलक्याने घेत नाही. काही वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यातील एका आईला मी सांगितले की, आठवडाभर लेकराने फोडलेल्या प्रत्येक पाकिटाचा कागद एका थैलीत टाकत जा आणि ती थैली मला आणून दाखवा. ‘साहेब, आमच्या घरी बाहेरचं काही खात नाही,’ असे ती म्हणाली होती. पुढच्या मंगळवारी तिने थैली टेबलावर उपडी केली, तर कुरकुरीत नळ्यांची, क्रीमच्या बिस्किटांची, रंगीत जेलीची आणि पिवळ्या मसाल्याने माखलेली अशी एकतीस पाकिटे निघाली. ती स्वतःच मोजता-मोजता थांबली. कापूस वेचायला ती सकाळी आठला घर सोडत असे. घरी आजी होती, नातू रडला की आजी दहाची नोट देत असे, काका संध्याकाळी येताना दोन पाकिटे आणत असे आणि सुट्टे नसले की दुकानदार चॉकलेट देत असे. प्रत्येकाने आपल्यापुरती माया केली होती आणि बेरीज कोणीच केली नव्हती. असे पदार्थ चावायला फारसे लागत नाहीत, भराभर पोटात जातात आणि ‘पुरे’चा निरोप पोहोचण्याआधी पाकीट संपलेले असते. अमेरिकेत २०१९ साली वीस प्रौढांना दोन आठवडे कारखान्यातले तयार अन्न आणि दोन आठवडे घरगुती पद्धतीचे अन्न हवे तेवढे खाऊ दिले, तेव्हा तयार अन्नाच्या दिवसांत त्यांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. मोठ्या माणसांची ही गत असेल, तर ज्याचा निरोप मुळातच उशिरा पोहोचतो त्या सात वर्षांच्या लेकराकडून आपण कोणत्या संयमाची अपेक्षा करतो?

आणि एक गोष्ट तर रक्तातून जवळजवळ येतच नाही. रडू आले, कंटाळा आला, राग आला की खाणे, ही सवय त्याच जुळ्यांमध्ये सोळा महिन्यांच्या आणि पाच वर्षांच्या वयात तपासली गेली. तिच्यातील फरकांचा आनुवंशिक वाटा नगण्य निघाला आणि ९० टक्क्यांहून अधिक वाटा दोन्ही मुलांना सारख्याच मिळालेल्या घराचा निघाला. पडले की बिस्कीट, लस टोचली की चॉकलेट, गप्प बसावे म्हणून मोबाईल आणि सोबत फरसाण, यातून मूल शिकते की मनात काही दुखले की तोंडात काही टाकायचे असते. तुमची मुलगी रात्री गुळाच्या डब्याकडे गेली, त्या दिवशी तिला कोणी काही बोलले होते का, हे जरूर आठवून पाहा.

कुलपाला माझा विरोध याच कारणासाठी आहे. अमेरिकेत ३ ते ५ वर्षांच्या मुलांसमोर खाऊ पारदर्शक डब्यात ठेवून तो काही वेळ खाण्यास मनाई करण्यात आली, तेव्हा मुलांचे त्या खाऊकडे लक्ष आणि त्याची मागणी दोन्ही वाढली. घरात गूळ आहे आणि तो आपल्यापासून लपवला आहे, हे मुलीला ठाऊक आहे. भावाला मिळतो आणि आपल्याला नाही, हेही तिला दिसते. यातून ती कमी खायला शिकणार नाही, चोरून आणि घाईने खायला शिकेल. ज्या पदार्थामुळे भांडण होते तो घरात कोणासाठीच आणू नका. भाऊ काटकुळा आहे म्हणून त्याच्या नावाने पाकीट आणणे, हे आमच्याकडे सर्रास होते आणि ते दोघांसाठीही वाईट आहे.

काय करावे, ते आता सांगतो. सकाळी नुसता चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटे किंवा टोस्ट, दुपारी शाळेतली खिचडी, संध्याकाळी पाकीट आणि रात्री आई वावरातून आल्यावर एकदाचे पोटभर जेवण, हा कापूस आणि सोयाबीनच्या हंगामातला आपल्या बहुतेक घरांचा क्रम आहे. जे मूल सकाळी आठ ते दुपारपर्यंत रिकाम्या पोटी राहते, ते रात्री तुटून पडणारच. सकाळीच भाकर आणि त्यासोबत वरण, उसळ, अंडे किंवा शेंगदाण्याची चटणी असे डाळी-दाण्याचे काही पोटात जाऊ द्या, कारण प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते. शाळेतील पोषण आहार अवश्य खाऊ द्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे ठरलेले आहे, आणि माझ्या मते ते दिवसातले सर्वांत प्रामाणिक जेवण आहे. दुपारी चारला घरी आल्यावर भाजलेले फुटाणे, उकडलेल्या शेंगा, हंगामातली बोरे, संत्री किंवा पेरू आजीच्या हाती ठेवून जा, म्हणजे दहाची नोट बाहेर निघणार नाही. आजीला दोष देऊ नका. तिला दुसरे काही द्यायला मिळाले की ती तेच देते.

ताटात अन्न टाकू नये, ही आपली शिकवण मला मान्य आहे, कारण ज्वारीचा दाणा घरात कसा येतो हे आपण जाणतो. पण मग पहिल्यांदाच ताट भरून वाढायचे नसते. परदेशातील एका प्रयोगात साडेतीन वर्षांची मुले, पुढे कितीही वाढले तरी आपल्या भुकेपुरतीच जेवली, आणि पाच वर्षांची मुले मात्र जास्त वाढल्यावर जास्त जेवली. म्हणजे उपजत असलेली खूण आपणच दीड-दोन वर्षांत पुसून टाकतो. मुलीला एक भाकर, वाटीभर भाजी आणि वरण वाढा. टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवून सगळ्यांनी एकत्र बसा. ती मागेल तेव्हा ‘नाही’ म्हणू नका, ‘थोडं थांब, आपण बोलू आणि मग घे’ असे म्हणा. पंधरा-वीस मिनिटांनीही भूक असेल, तर आणखी वरण आणि काकडी-मुळा द्या. रात्री तिला वेळेवर झोपवा, कारण अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीची भूक वाढते आणि सात वर्षांच्या मुलीला किमान नऊ तास झोप लागतेच.

वजन उतरवण्याच्या मागे लागू नका. वाढत्या वयात वजन काही महिने तेवढेच राहिले आणि उंची वाढत गेली, तरी शरीर आपोआप ताळ्यावर येते. उपाशी ठेवण्याचा विचारही नको.

आता तपासणीचा प्रश्न. तुमच्या मुलीची उंची वयाच्या मानाने चांगली आहे, आणि हे मला आश्वासक वाटते, कारण साध्या जास्त खाण्याने वजन वाढलेली मुले बहुधा उंचही असतात. थायरॉइड किंवा स्टेरॉइडच्या बिघाडाने वजन वाढले असते, तर तिची उंची खुंटली असती. जनुकांची तपासणी रक्ताच्या नमुन्यावर होते, पण ती सरसकट करायची नसते. मूल पाच वर्षांचे होण्याआधीच वजन अफाट वाढले असेल आणि भूक अनावर असेल, तेव्हा ती करावी. मामाची मुलगी करण्याच्या रीतीतून किंवा जवळच्या नात्यातून आई-वडिलांचे लग्न झाले असेल, तर मी लवकर संशय घेतो, कारण लेप्टिनच्या बिघाडासारखे आजार दोन्हीकडून तेच सदोष जनुक आल्यावर होतात. बाळ जन्मतः लुळे होते, अंगावर ओढत नव्हते आणि दोन-तीन वर्षांनंतर त्याची भूक वाढतच गेली, असे असेल तर प्रॅडर-विली हा आजार तपासावा लागतो. या एका आजारात मात्र अन्न कुलपात ठेवणे हा उपचाराचाच भाग असतो. हातापायाला सहावे बोट, संध्याकाळनंतर कमी दिसणे आणि शिकण्यात मागे पडणे हे वजनासोबत असेल, तरीही तज्ज्ञांकडे पाठवावे लागते. शाळेत आणि अंगणवाडीत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अशा मुलांना जिल्ह्याच्या केंद्रात पाठवू शकते.

एक धोक्याची खूण प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. मूल खूप खाते आणि तरीही वाळत चालले आहे, सतत पाणी पिते, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले आहे किंवा लघवीला मुंग्या लागतात, तर तो मधुमेह असू शकतो. त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्या. याला ‘जंत झाले असतील’ म्हणून आठवडाभर थांबलेले एक मूल माझ्याकडे बेशुद्धावस्थेत आले होते.

आणि भूक वाढवणारी औषधे. मुलगी तीन-चार वर्षांची असताना ‘काही खात नाही’ म्हणून तिला गोड सिरप दिले होते का, हे आठवा. अशा सिरपमध्ये अनेकदा सायप्रोहेप्टाडीन असते आणि त्याने भूक खरोखर वाढते. अंगाला लागावे म्हणून गावोगावी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत तर कधी स्टेरॉइड मिसळलेले सापडते. त्याने चेहरा गोल होतो, भूक भडकते आणि उंची थांबते. अशी पुडी चालू असेल, तर ती परस्पर एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, कारण स्टेरॉइड अचानक थांबवणेही धोक्याचे असते.

मेळघाटसारख्या भागातून हे वाचणाऱ्यांसाठी एवढे सांगितले पाहिजे की कुपोषणातून बाहेर येणारे मूल काही आठवडे वयाच्या मानाने दुप्पट खाते. ती भूक औषधासारखी असते. तिला अडवू नये.

तुमच्या मुलीला घेऊन एकदा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. सोबत जन्माचे वजन लिहिलेले माता-बाल कार्ड आणि अंगणवाडीतील वाढीच्या नोंदी न्या, कारण वजनाची रेघ नेमकी कोणत्या वर्षी वर वळली हे त्यावरून दिसेल. आठवडाभराच्या पाकिटांची थैलीही न्या, आणि त्यात भावाने फोडलेली पाकिटेही असू द्या. उंची आणि वजन दोन्ही मुलांचे मोजून घ्या. आधी भावाला वजनकाट्यावर उभे करा, म्हणजे मुलीला तिथे एकटे वाटणार नाही.